कालप्रवासी कुमार आणि इतिहासाचा पुरावा

मराठी कुमारवाङ्मयात साहसकथेची परंपरा समृद्ध आहे, ऐतिहासिक कथेची त्याहून समृद्ध आहे आणि विज्ञानकथेनेही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपले स्वतंत्र दालन उभे केले आहे. या तिन्ही प्रवाहांचा संगम व्हावा असा एक कथाप्रकार आहे. तो म्हणजे कुमारवयीन मुलामुलींच्या कालप्रवासाची कथा. तीत साहस असते, इतिहास असतो आणि विज्ञानाची, निदान विज्ञानाच्या भाषेची, बैठक असते. असे असूनही फुरसुंगीच्या फास्टर फेणेइतका वाचकांच्या मनात घर करून राहिलेला एकही कालप्रवासी कुमार मराठीत दाखवता येत नाही. ही उणीव केवळ एका लोकप्रिय विषयाची नाही. एक पिढी पुढच्या पिढीच्या हाती इतिहास कोणत्या नात्याने देते, हा प्रश्न तिच्या मुळाशी आहे. वारसा म्हणून देते, की तपासून घ्यावयाची गोष्ट म्हणून देते, यावर कालप्रवासाच्या कथेचे भवितव्य अवलंबून असते.

काळ सर्वत्र सारख्या गतीने वाहत नाही, ही कल्पना भारतीय कथापरंपरेला नवी नाही. भागवताच्या नवव्या स्कंधात रैवत ककुद्मी राजाची कथा येते. आपली कन्या रेवती हिला अनुरूप वर कोण, हे विचारण्यासाठी राजा तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो. तेथे गायन चालू असते, म्हणून तो क्षणभर थांबतो. तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटून जातात. त्याने मनात योजिलेले वर तर राहोतच, त्यांचे पुत्र, पौत्र आणि गोत्रांची नावेही उरलेली नसतात. पुढे रेवतीचा विवाह बलरामाशी होतो. ती पूर्वीच्या युगातील असल्याने फार उंच होती आणि बलरामाने नांगराच्या टोकाने तिला कमी केले, असे विष्णुपुराण सांगते.

या कथेकडे कीर्तनकारांनी बहुधा काळाच्या अगाधतेचा दृष्टान्त म्हणून पाहिले. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकाला तीत आणखी एक गोष्ट दिसते. भारतीय कथेतील या आद्य कालप्रवाशांपैकी एक व्यक्ती कुमारवयीन मुलगी आहे. प्रवासाचा निर्णय तिचा नाही आणि परत आल्यावर आपल्या काळाचे काय झाले, हे विचारण्याची संधीही तिला मिळत नाही. नव्या युगात सामावण्यासाठी तिलाच त्या युगाच्या मापाचे व्हावे लागते. प्राचीन कथेत कालप्रवास हा भोग आहे. तो शोध होण्यासाठी प्रवाशाला प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळावा लागतो आणि तो अधिकार आधुनिक युगातच मिळाला.

एच. जी. वेल्स यांची 'द टाइम मशीन' ही कादंबरी १८९५ साली प्रसिद्ध झाली. देवतेच्या वरावाचून अथवा दीर्घ निद्रेवाचून, स्वतः घडविलेल्या यंत्रात बसून, हव्या त्या काळात जाण्याची कल्पना तिने रूढ केली. वेल्स यांचा नायक इसवी सन ८,०२,७०१ मध्ये पोहोचतो. तेथून परतल्यावर त्याच्या मित्रांचा त्याच्या बोलण्यावर विश्वास बसत नाही. त्याच्या खिशातून निघालेली दोन अनोळखी, कोमेजलेली पांढरी फुले एवढाच काय तो पुरावा. पुढील शंभर वर्षांच्या कालप्रवासकथेचे व्याकरण या दोन फुलांत सामावलेले आहे, असे म्हणावयास हरकत नाही. प्रवासी कोठे गेला यापेक्षा तो काय घेऊन आला आणि ते मानावयास कोण तयार आहे, हा या कथेतील खरा संघर्ष असतो.

मुलांना या प्रवासाचे नायकत्व दिले ते ई. नेस्बिट या लेखिकेने. तिच्या १९०६ मधील 'द स्टोरी ऑफ द ॲम्युलेट' या कादंबरीत चार भावंडे एका प्राचीन ताइताच्या अर्ध्या तुकड्याच्या साहाय्याने इजिप्त, बाबिलोन अशा प्राचीन संस्कृतींत आणि भविष्यातील लंडनमध्येही जाऊन येतात. त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर एक विद्वान गृहस्थ राहतात. ज्या प्राचीन जगावर त्यांचे सारे आयुष्य वेचले गेले, ते जग मुले प्रत्यक्ष पाहून येतात. विद्वान मात्र ते सारे स्वप्न समजतात. ग्रंथांवर जगणारा पंडित आणि डोळ्यांनी पाहणारे मूल यांतील हा विनोद हलकाफुलका असला, तरी त्याचा आशय गंभीर आहे. इतिहास हा केवळ वडीलधाऱ्यांचा प्रांत नाही, असे तो सुचवितो.

ही वाट पुढे अनेक भाषांत रुंदावली. यासुताका त्सुत्सुई यांच्या १९६७ साली पुस्तकरूपाने आलेल्या जपानी कादंबरीत एक शाळकरी मुलगी काळ ओलांडते. तिच्या अनुभवाचा पुरावा शेवटी पुसला जातो आणि उरते ती केवळ एका सुगंधाने जागी होणारी अस्पष्ट आठवण. किर बुलिचोव्ह यांच्या १९७८ मधील रशियन कादंबरीत मॉस्कोतील एक मुलगा शंभर वर्षे पुढे जातो आणि भविष्यातील मुलगी त्याच्या काळात येते. ताईत असो, सुगंध असो वा यंत्र असो, या कथांतील मुले काळाकडे पाहुण्यासारखी पाहत नाहीत. ती त्याची उलटतपासणी घेतात.

मराठीत याच काळात काय घडत होते, हे पाहणे उद्बोधक आहे. वेल्स यांची कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच १८९५ साली हरि नारायण आपटे यांची 'उषःकाल' 'करमणूक' पत्रातून क्रमशः येऊ लागली. एका भाषेत भूत-भविष्यात ये-जा करणारे यंत्र जन्माला आले आणि दुसऱ्या भाषेत वाचकाला शिवकाळात घेऊन जाणारी कादंबरी जन्माला आली. दोहोंत वाचक आपला काळ सोडतो. परंतु ऐतिहासिक कादंबरीतील वाचक अदृश्य असतो. तो गडावर जातो, खलबते ऐकतो, गहिवरतो आणि काहीही न विचारता परत येतो. पारतंत्र्याच्या काळात या गहिवराचे मोल मोठे होते. स्वत्वाची जाणीव जागविण्याचे कार्य त्याने केले. त्यामुळेच मराठी मुलांच्या मनात भूतकाळ हा तीर्थक्षेत्रासारखा वसला. तीर्थक्षेत्री माणूस दर्शनाला जातो, चौकशीला जात नाही.

वैज्ञानिक साहसाची गरज मराठीने दुसऱ्या मार्गाने भागविली. ज्यूल व्हर्न मराठीत फार लवकर आला. भा. रा. भागवतांनी (१९१०–२००१) त्याला मराठी मुलांचा सोबती करून सोडले. परंतु व्हर्नचे नायक अवकाशात, सागरतळी, भूगर्भात जातात. त्यांचा प्रवास स्थळाचा आहे. भागवतांनी निर्माण केलेला बनेश फेणेही सायकलवरून गावे, रस्ते आणि डोंगर पालथे घालतो, पण काळाची सीमा तो ओलांडत नाही. १९७१ मध्ये 'बालभारती'ने सुरू केलेल्या 'किशोर' मासिकाने विज्ञान आणि इतिहास हे दोन्ही विषय मुलांपर्यंत आस्थेने पोहोचविले. तरीही व्हर्नने स्थळ द्यावे आणि ऐतिहासिक कादंबरीने काळ द्यावा, अशी जणू एक वाटणी मराठी कुमारवाचनात होऊन गेली. कालप्रवासाची कथा या वाटणीच्या नेमक्या सीमारेषेवर उभी असल्याने ती दोन्हीकडून दुर्लक्षित राहिली.

ही सीमारेषा पुसण्याचे कार्य जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी केले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पारितोषिक मिळाले, तेव्हा लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप असे होते. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून नारळीकरांनी ते टोपणनाव घेतले होते. प्रखर गुरुत्वाकर्षणाच्या सान्निध्यात काळ मंदावतो, हे सापेक्षतेच्या सिद्धान्ताचे फलित त्या कथेचा आधार आहे. ककुद्मीच्या कथेत जे ब्रह्मलोकी घडले, ते येथे भौतिकशास्त्राच्या नियमाने घडते. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी या नव्या कथेची दखल घेतली आणि विज्ञानकथा ही मराठी साहित्याच्या मुख्य प्रवाहात चर्चिली जाऊ लागली. पुढे नारळीकरांच्या एका कथासंग्रहाचे नावच 'टाइम मशीनची किमया' असे झाले. म्हणजे कालयंत्र मराठीला अपरिचित राहिले नाही.

तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने नारळीकरांची सर्वांत महत्त्वाची कथा 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही होय. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पानिपतचा निकाल उलटा लागला असता तर काय झाले असते, या विचारात असताना त्यांना अपघात होतो आणि ते एका वेगळ्याच जगात जातात. त्या जगात मराठे पानिपतावर जिंकले आहेत. विश्वासरावाला लागलेली गोळी तेथे थोडक्यात हुकली आहे. पुण्याहून मुंबईस निघालेली गाडी सीमेवरील स्थानकावर थांबते आणि तेथे परवाने तपासले जातात, कारण मुंबई तेवढी अद्याप इंग्रजांकडे भाडेपट्ट्याने आहे.

या कथेचे वेगळेपण असे की, गंगाधरपंत १७६१ सालात जातच नाहीत. ते वर्तमानातच राहतात, फक्त तो वर्तमान निराळा असतो. तो असा का झाला, हे जाणून घेण्यासाठी ते रणांगणावर जात नाहीत, तर मुंबईच्या टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जातात आणि स्वतःच लिहिलेल्या इतिहासाचे खंड उघडून दोन जगे कोणत्या पानावर विलग झाली, ते शोधतात. परतताना त्यांच्यापाशी एका बखरीचे फाटलेले पान उरते. वेल्सच्या नायकाची दोन फुले आणि गंगाधरपंतांचे हे पान यांचे नाते उघड आहे. फुले ही निसर्गाची साक्ष, पान ही इतिहासाची साक्ष. ज्या भाषेत बखर हा इतिहासलेखनाचा प्राचीन प्रकार आहे, त्या भाषेतील कालप्रवाशाने बखरीचे पान आणावे, हे अतिशय उचित झाले.

पानिपताच्या आठवणीने हळहळणाऱ्या वाचकाला ही कथा विजयाचे समाधान देते, असा समज वरवरच्या वाचनाने होऊ शकेल. तो बरोबर नाही. पराभवाचे परिमार्जन करण्यात नारळीकरांना रस नाही. एका गोळीच्या किंचित विचलनाने घटनांची दिशा किती पालटू शकते, हे आपत्ती-सिद्धान्ताच्या आणि पुंजवादाच्या आधारे मांडणे हा त्यांचा हेतू आहे. इतिहास असाच व्हावयाचा होता, ही नियतीवादी धारणा त्यामुळे ढासळते. तिच्याबरोबर, इतिहास तसा झाला असता तर सारे उत्तमच झाले असते, ही दुसरी भाबडी धारणाही ढासळते. त्या दुसऱ्या जगातही गंगाधरपंतांना आझाद मैदानावरील सभेत अध्यक्षाविना भाषणे चालतात हे पटत नाही, ते व्यासपीठावर चढतात आणि श्रोत्यांचा मार खातात. विजयी इतिहासाच्या जगातही पुण्याच्या प्राध्यापकाला जागा मिळतेच असे नाही.

एवढी मोठी झेप घेणाऱ्या या कथेचा नायक मात्र वयस्क, विद्वान आणि सभांच्या अध्यक्षपदाची सवय झालेला आहे. नेस्बिटच्या घरात वरच्या मजल्यावर बसलेला विद्वान येथे स्वतःच प्रवासाला निघाला आहे आणि खाली खेळणारी मुले कथेत नाहीत. यामागे कारण आहे. पानिपतासारख्या विषयावर शंका घेण्याचा अधिकार मराठी वाचक ज्याला सहज देईल, तो इतिहासाचा प्राध्यापकच. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने तोच प्रश्न विचारला असता, तर तो औद्धत्य ठरला असता. कालप्रवासी कुमार मराठीत का रुजला नाही, याचे उत्तर विज्ञानाच्या अभावात नाही. मुलांना इतिहासात प्रश्नकर्ता म्हणून प्रवेश देण्याच्या संकोचात ते आहे.

त्या मानाने दूरचित्रवाणीने अधिक धीटपणा दाखविला. १९८९ साली दूरदर्शनवर आनंद महेंद्रू दिग्दर्शित 'इंद्रधनुष' ही हिंदी मालिका आली. संगणकात रमलेली कुमारवयीन मुले आणि त्यांना घडणारा कालप्रवास हा तिचा विषय होता. गिरीश कार्नाड यांच्यासारखा अभिनेता तीत होता. संगणक हा शब्द ज्या काळी बहुसंख्य घरांना केवळ ऐकून ठाऊक होता, त्या काळी मुलांच्या हाती काळाची किल्ली देण्याचे साहस या मालिकेने केले. मराठी घरांतील मुलांनीही ती पाहिली. परंतु पाहिलेल्या मालिकेची वाचनात परिणती व्हावी, अशी मराठी पुस्तके त्यांच्या हाती नव्हती.

नारळीकरांची कथा अखेर कुमारवयीन वाचकांपर्यंत पोहोचली ती वेगळ्याच वाटेने. तिचे संक्षिप्त इंग्रजी रूप 'द ॲडव्हेंचर' या नावाने राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या 'हॉर्नबिल' या इंग्रजी पाठ्यपुस्तकात २००६ साली समाविष्ट झाले. त्यामुळे मराठीत जन्मलेली ही कथा देशभरातील सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासली. त्यांत लखनौचे विद्यार्थीही आले. येथे एक असा प्रश्न उभा राहतो, जो पुण्याच्या वाचकाला सहसा पडत नाही. पानिपतचा विजय ही कल्पना पुण्यात वाचताना एक अर्थ देते. अवधच्या भूमीवर वाचताना तिचा अर्थ तोच राहतो का?

अवधचा नवाब शुजाउद्दौला १७६० मध्ये कोणत्या बाजूस जाणार, यावर पानिपतचे पारडे काही अंशी अवलंबून होते. मराठ्यांनी त्याला आपल्याकडे वळविण्याचा यत्न केला, नजीबउद्दौलाने त्याला अब्दालीकडे ओढले आणि तो अब्दालीच्या छावणीत गेला. मराठी स्मृतीत त्याची नोंद विरोधकाच्या रकान्यात झाली. अवधच्या स्मृतीत तो राज्य सांभाळणारा आणि पुढे १७६४ मध्ये बक्सारला कंपनीशी लढलेला राज्यकर्ता आहे. त्याच्याच पदरी काशीराज नावाचा दक्षिणी ब्राह्मण चाकरीस होता. तो युद्धाच्या वेळी अब्दालीच्या बाजूच्या छावणीत होता आणि वाटाघाटींच्या पत्रव्यवहारात त्याचा हात होता. त्याने १७८० मध्ये फार्सीत लिहिलेली हकिकत ही पानिपतच्या इतिहासाचे एक प्रमुख साधन मानली जाते. म्हणजे मराठ्यांच्या सर्वांत मोठ्या पराभवाचा एक महत्त्वाचा साक्षीदार मराठी मुलखाशी नाते असलेला होता, नोकर अवधचा होता आणि त्याची लेखणी फार्सी होती. गंगाधरपंतांच्या खिशातील बखरीच्या पानाशेजारी काशीराजाचे पान ठेवले, तर 'आपली बाजू' या शब्दप्रयोगाचा अर्थ पूर्वीइतका सोपा राहत नाही.

कुमारवयीन कालप्रवाशाची खरी कसोटी म्हणूनच ओळखीच्या गडावर लागणार नाही. जेथे त्याचा इतिहास अनेकांच्या इतिहासांपैकी एक होतो, अशा ठिकाणी ती लागेल. मुंबई आणि लखनौ यांच्यामध्ये धावणाऱ्या आगगाडीचे नाव 'पुष्पक' आहे. पुराणातील विमानाचे नाव धारण करणारी ही गाडी ज्या चारबाग परिसरात पोहोचते, तो या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. चारबाग म्हणजे चार भागांत आखलेले उद्यान. फार्सी परंपरेतील ही उद्यानरचना मोगलांनी हिंदुस्थानात रुजविली आणि नवाबी लखनौतील अशा एका बागेचे नाव पुढे वस्तीला आणि रेल्वेस्थानकाला लाभले. घुमट आणि मिनार मिरविणाऱ्या त्या स्थानकाच्या सध्याच्या इमारतीची पायाभरणी १९१४ मधील आहे. जागा न बदलता केवळ काळ बदलत गेला, तर एखाद्या मुलाला तेथे काय दिसेल?

लखनौ-कानपूर लोहमार्ग १८६७ मध्ये सुरू झाला. त्याच्या दहा वर्षे आधी, २५ सप्टेंबर १८५७ रोजी, चारबागच्या कालव्यावरील पुलावर घनघोर लढाई झाली. कानपुराहून आलेल्या हॅवलॉक आणि आउट्रम यांच्या फौजेने तो पूल मोठी हानी सोसून ओलांडला आणि रेसिडेन्सीत अडकलेल्या इंग्रजांपर्यंत मजल मारली. इंग्रजी ग्रंथांत या घटनेला सुटका म्हटले जाते. पुलाच्या दुसऱ्या टोकाला तोफा रोखून उभे असलेल्यांच्या दृष्टीने ती आपल्या राजधानीवरील चाल होती. त्या राजधानीत जुलै महिन्यात बेगम हजरत महलने आपल्या अकरा-बारा वर्षांच्या पुत्राला, बिर्जिस कद्रला, गादीवर बसविले होते. आणि हॅवलॉक ज्या कानपुराहून आला, तेथे त्याने बिठूरच्या नानासाहेब पेशव्यांच्या सैन्याचा पराभव केला होता. पानिपतावर एकमेकांविरुद्ध उभे राहिलेल्या दोन सत्तांचे वारस शंभर वर्षांनी एकाच शत्रूशी लढत होते. पानिपतावर पडलेला विश्वासराव अठरा वर्षांचा होता, लखनौच्या गादीवर बसलेला बिर्जिस कद्र त्याहून लहान होता. इतिहासाने मुलांना आपल्या घडामोडींतून कधीच वगळले नाही. त्यांना वगळले ते इतिहास सांगणाऱ्यांनी.

आणखी पुढे यावे तर १९१६ चा डिसेंबर लागतो. स्थानकाचे बांधकाम चालू असण्याचा हा काळ. सुरतेच्या १९०७ मधील फुटीनंतर लोकमान्य टिळक काँग्रेसच्या व्यासपीठावर परतले ते लखनौच्या अधिवेशनात. अंबिकाचरण मजुमदार अध्यक्ष होते. काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यातील करार याच वेळी झाला आणि त्यात टिळकांचा वाटा मोठा होता. गांधी आणि नेहरू यांची पहिली भेटही याच सुमारास झाली. ती चारबाग स्थानकावरच झाली, असे लखनौत सांगितले जाते. नेहरूंनी आपल्या आत्मचरित्रात ही भेट १९१६ च्या नाताळातील लखनौ काँग्रेसच्या सुमारास झाली, असे नमूद केले आहे, तेथे फलाटाचा उल्लेख नाही. लोकस्मृती स्थळ देते, दस्तऐवज काळ देतो. दोहोंतील अंतर ओळखणे हे इतिहासाच्या अभ्यासाचे पहिले पाऊल आहे आणि कालप्रवासी मुलाला ते सहज उचलता येते, कारण त्याला प्रत्यक्ष जाऊन पाहावयाचे असते.

लखनौच्या भूतकाळाला कुमारकथेत स्थान मिळाल्याचे एक उत्तम उदाहरण बंगालीत आहे. सत्यजित राय यांची 'बादशाही आंगटी' ही फेलूदाची कादंबरी 'संदेश' मासिकातून १९६६ पासून क्रमशः आली. ती लखनौत घडते आणि तिचे कथन तपेश हा किशोरवयीन मुलगा करतो. औरंगजेबाची म्हणून मानली गेलेली अंगठी हे तिचे निमित्त. राय यांनी कालयंत्र वापरले नाही. त्यांनी भूतकाळातील एक वस्तू वर्तमानात आणून ठेवली आणि तिच्याभोवती मुलाला विचार करावयास लावले. नेस्बिटचा ताईत, राय यांची अंगठी आणि नारळीकरांचे बखरीचे पान यांचे कार्य एकच आहे. त्या वस्तू विचारतात की, ही कोणाची, येथे कशी आली आणि हिच्याविषयी जे सांगितले जाते ते खरे आहे काय?

कालप्रवासाला विज्ञानाची मान्यता आहे किंवा नाही, हा वाद येथे दुय्यम ठरतो. भविष्याकडे जाण्याचा मार्ग सापेक्षतेने तत्त्वतः खुला केला आहे. विमानांतून पृथ्वीप्रदक्षिणा केलेली अण्वीय घड्याळे जमिनीवरील घड्याळांशी अत्यल्प प्रमाणात विसंगत होतात, हे १९७१ मध्ये प्रयोगाने दिसले. भूतकाळाकडे जाण्याविषयी मात्र भौतिकशास्त्रज्ञ साशंक आहेत. १९४९ मध्ये कुर्ट गोडेल यांनी गणिताने अशा प्रवासाची शक्यता दर्शविली, तर १९९२ मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी निसर्ग कालक्रमाचे संरक्षण करीत असावा, असे अनुमान मांडले. आपल्याच आजोबांच्या आयुष्यात ढवळाढवळ करणाऱ्या नातवाचा पेच या साऱ्या चर्चेच्या केंद्रस्थानी आहे. रे ब्रॅडबरी यांच्या १९५२ मधील एका प्रसिद्ध कथेत तर भूतकाळात चिरडल्या गेलेल्या एका फुलपाखराने वर्तमान बदलतो.

या पेचातून कुमारकथेला मिळणारा धडा नीतीचा आहे. भूतकाळ दुरुस्त करता येत नाही, ही निराशेची गोष्ट नव्हे. तो समजून घेण्याची जबाबदारी त्यामुळेच उत्पन्न होते. इतिहासातील पराभवांचा सूड वर्तमानात उगवता येईल, असे ज्या मुलाला वाटते, त्याने कालप्रवासाची कथा वाचणे अगत्याचे आहे. कारण ती त्याला रणांगणाच्या दुसऱ्या बाजूसही उभे करते. तेथून पाहिल्यावर विश्वासरावाच्या मृत्यूचे दुःख कमी होत नाही. परंतु चारबागच्या पुलापलीकडे उभ्या असलेल्या अनाम सैनिकाचे दुःखही त्याच मापाचे आहे, हे कळते.

अशी कथा मराठीत लिहिली जाण्यास लागणारी सामग्री सिद्ध आहे. बखरी आहेत, काशीराजाची हकिकत आहे, विज्ञानकथेची पाच दशकांची परंपरा आहे आणि भागवतांनी घडविलेली चपळ, मुलांच्या तोंडी शोभणारी भाषाही आहे. आणखी एक गोष्ट लागेल. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला कोणाच्याही बोटाला न धरता त्या फलाटावर उतरू द्यावे लागेल आणि तिने आणलेले पान, ते आपल्या समजुतीच्या विरुद्ध गेले तरी, वाचून पाहावे लागेल. रेवतीला युगाच्या मापाचे व्हावे लागले होते. या मुलीसाठी युगाला आपले माप वाढवावे लागेल.